आदिवासी भाषांचे दस्तऐवजीकरण आणि प्रकाशन : कोरकू व निहालीच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

एखाद्या आदिवासी भाषेचा अभ्यास पूर्ण झाला असे सामान्यतः केव्हा मानले जाते? प्रबंध विद्यापीठास सादर झाला, किंवा व्याकरणाचा ग्रंथ छापून झाला, म्हणजे काम संपले अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. संकलन, विश्लेषण आणि लेखन हे अभ्यासाचे टप्पे मानले जातात. प्रकाशन ही त्यानंतरची व्यावहारिक बाब समजली जाते. ग्रंथ कोणत्या भाषेत लिहावयाचा, कोणत्या लिपीत छापावयाचा, मूळ संहिता द्यावयाची की केवळ तिचा अनुवाद द्यावयाचा, निवेदकाचे नाव कोठे नोंदवावयाचे, हे प्रश्न बहुधा मुद्रणाच्या वेळी, आणि तेही खर्चाच्या अंगाने, सोडविले जातात.

मोठ्या भाषांच्या बाबतीत या निर्णयांचे परिणाम मर्यादित असतात. एका कोशात उणीव राहिली तर दुसरा कोश निघतो. एका व्याकरणकाराचे मत दुसरा खोडून काढतो. ज्या भाषेचा एकच कोश आणि एकच व्याकरण आहे, तिच्या बाबतीत मात्र प्रकाशनाचा प्रत्येक निर्णय दीर्घकाळ टिकतो. त्या ग्रंथातील चूक कोणी दुरुस्त करावयाची, आणि ती दुरुस्त करू शकणाऱ्या भाषकापर्यंत तो ग्रंथ पोहोचतो काय, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार मुख्यतः कोरकू आणि निहाली या दोन भाषांच्या आधारे करावयाचा आहे.

२. वर्णन आणि दस्तऐवजीकरण

एखाद्या भाषेचे व्याकरण, तिचा शब्दसंग्रह आणि तिच्यातील संहिता या तीन गोष्टी सिद्ध केल्या म्हणजे त्या भाषेचे वर्णन झाले, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील आदिवासी भाषांच्या अभ्यासातून रूढ झाली. फ्रान्झ बोआस यांच्या नावाने ती ओळखली जाते. बोआस यांनी संहितांना स्वतंत्र मूल्य दिले होते. क्वाक्वाकावाक्व समाजाच्या कथांचे त्यांचे संग्रह जॉर्ज हंट यांच्या सहकार्याने तयार झाले, आणि १९०२ ते १९०५ या काळात निघालेल्या संग्रहावर हंट यांचेही नाव आहे. पुढील काळात मात्र विश्लेषणाला प्रतिष्ठा मिळाली आणि संहिता परिशिष्टात गेल्या. व्याकरणातील विधानांना आधार म्हणून द्यावयाची सामग्री एवढेच स्थान त्यांना उरले.

१९९८ साली जर्मन भाषावैज्ञानिक निकोलाउस हिमेलमान यांनी या प्रघाताची चिकित्सा करून दस्तऐवजीकरण आणि वर्णन या दोन भिन्न क्रिया होत असे प्रतिपादन केले. भाषक प्रत्यक्षात जे बोलतात त्याचा विविधांगी संग्रह करणे म्हणजे दस्तऐवजीकरण. त्या संग्रहाच्या आधारे भाषेची व्यवस्था सांगणे म्हणजे वर्णन. पहिल्या कार्यात संभाषणे, कथा, विधींतील उक्ती, भांडणे, बाजारातील बोलणी या सर्वांना स्थान आहे. या भेदाचा प्रकाशनाशी निकटचा संबंध आहे. वर्णनाचा वाचक प्रायः भाषावैज्ञानिक असतो. दस्तऐवजाचे वाचक मात्र अनेक असू शकतात : लोकसाहित्याचा अभ्यासक, इतिहासकार, शिक्षक, आणि मुख्यतः तो समाज स्वतः. संग्रह वर्णनाच्या पोटात नाहीसा झाला तर या इतर वाचकांना त्यापर्यंत जाण्याची वाटच उरत नाही.

भारतात या दोन्ही क्रियांचे मिश्रण प्रथम मोठ्या प्रमाणावर घडले ते ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात. १९०३ ते १९२८ या काळात त्याचे खंड प्रसिद्ध झाले. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये आणि मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा अनुवाद घेण्याची पद्धत त्यात अवलंबिली गेली. एकच आशय शेकडो भाषांत उपलब्ध झाल्याने तुलना सुलभ झाली, हा तिचा मोठा लाभ होय. परंतु त्या समाजाची स्वतःची कथा, त्याची सांगण्याची रीत आणि त्याचा शब्दसंसार या नमुन्यात उतरणे शक्य नव्हते. सर्वेक्षणाचा वाचक प्रशासक आणि पंडित होता; ज्यांच्या भाषांचे नमुने घेतले त्यांनी ते वाचावेत ही अपेक्षाच त्या योजनेत नव्हती.

३. कोरकू आणि निहाली : ग्रंथ आणि त्यांचे वाचक

कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची, या शाखेच्या पश्चिम टोकाची भाषा होय. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आणि लगतच्या मध्य प्रदेशात ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या ७ लक्ष २७ हजारांच्या घरात होती. निहालीची स्थिती वेगळी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्याच्या परिसरात ती बोलली जाते आणि तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या आसपास असावेत असे मानले जाते. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नोंद झाली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करणे थांबले. त्यामुळे निहालीसारख्या भाषा शासकीय कोष्टकांतून दिसेनाशा झाल्या. अशा भाषेचे अस्तित्व कागदोपत्री टिकते ते अभ्यासकांच्या ग्रंथांतूनच.

असे ग्रंथ झालेले आहेत. कोरकूच्या स्वनव्यवस्थेवर आणि मुंडा कुलातील तिच्या स्थानावर नॉर्मन झाइड यांनी मूलभूत काम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी संबंधित असलेले के. एस. नागराज यांचा व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असा त्रिविध रचनेचा कोरकूविषयक ग्रंथ १९९९ मध्ये टोकिओहून प्रसिद्ध झाला. त्यांचाच त्याच घाटाचा निहालीविषयक ग्रंथ २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रकाशित केला. त्यापूर्वी १९६२ साली एफ. बी. जे. कायपर यांचा निहालीवरील तुलनात्मक प्रबंध ॲम्स्टरडॅम येथे निघाला होता. या कामाचे शास्त्रीय मोल निर्विवाद आहे. निहालीतील सुमारे चतुर्थांश शब्दांचा संबंध कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जोडता येत नाही, हे कायपर यांचे निरीक्षण आजही या भाषेच्या चर्चेचा प्रारंभबिंदू आहे.

हे सर्व ग्रंथ इंग्रजीत आहेत, त्यांतील आदिवासी भाषेचे लेखन रोमन लिपीतील विशेष चिन्हांनी केलेले आहे, आणि ते मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आढळतात. धारणी वा चिखलदरा येथील कोरकू शिक्षकाला आपल्याच भाषेची कथा त्या पृष्ठांवर ओळखता येणे अवघड आहे. यात ग्रंथकर्त्यांचा दोष नाही. ज्या वाचकासाठी ग्रंथ लिहिले गेले त्याच्या गरजा त्यांनी उत्तम रीतीने भागविल्या. प्रश्न आहे तो दुसऱ्या वाचकासाठी दुसरे प्रकाशन झाले नाही तर काय घडते हा.

निहालीच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो. भारतात अनेक वंचित गटांनी गुप्त बोली वापरल्या. त्यांच्याशी तुलना करून निहालीचाही असा काही उपयोग होत असावा, अशी शक्यता कायपर यांनी मांडली होती. चोरांच्या सांकेतिक बोलीचा संदर्भही या चर्चेत आला. विद्वत्तेच्या क्षेत्रात ही एक परीक्षणीय उपपत्ती आहे. तथापि एका लहान, दरिद्री आणि आधीच संशयाच्या नजरेने पाहिल्या गेलेल्या समाजाविषयीचे ते विधानही आहे. ज्यांच्याविषयी ते केले गेले त्यांना ते वाचता आले नाही, त्यावर आक्षेप घेता आला नाही, किंवा आपली भाषा कोठे आणि कशासाठी वापरली जाते हे त्याच व्यासपीठावर सांगताही आले नाही. भाषकसमाजापर्यंत न पोहोचणारे प्रकाशन त्या समाजाचे नुकसान करतेच. शिवाय शास्त्रालाही परीक्षणाच्या एका साधनापासून वंचित ठेवते.

४. संहिता आणि अनुवाद

मराठी विभागांतून होणाऱ्या लोकसाहित्य-संशोधनात याच्या उलट प्रकारची उणीव दिसते. येथे ग्रंथ मराठीत असतो, देवनागरीत असतो आणि स्थानिक वाचकास उपलब्ध असतो. परंतु मूळ संहिता पुष्कळदा संक्षिप्त, मराठी शुद्धलेखनाच्या वळणाने लिहिलेली, किंवा सर्वस्वी अनुपस्थित असते. केवळ अनुवाद दिल्याने काय हरवते याचे एक साधे उदाहरण घेता येईल.

'कोरकू' हे नाव 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय यांपासून झाले आहे. त्याचा अर्थ 'माणसे' असा होतो. या भाषेत संस्कृतप्रमाणे द्विवचनही आहे, आणि त्याचा प्रत्यय 'किञ' असा आहे. एक माणूस, दोन माणसे आणि अनेक माणसे यांसाठी तीन भिन्न रूपे असल्याने कथेत दोघे भाऊ वाटेने निघाले की तिघे, हे नामाच्या रूपावरूनच कळते. मराठी अनुवादात दोन्ही ठिकाणी 'माणसे' एवढेच येणार. कथेच्या पुढील भागात त्या दोघांपैकी एकाचा वियोग झाला, तर रूपांत घडणारा बदल अनुवादाच्या वाचकाला दिसत नाही. या कारणाने मूळ संहिता देणे आवश्यक ठरते.

दुसरे उदाहरण मराठीच्या बाजूचे आहे. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला समाविष्ट करणारा प्रथमपुरुष आणि त्याला वगळणारा प्रथमपुरुष असा भेद कोरकूत आहे. इंग्रजी अनुवादात हा भेद नाहीसा होतो व तो दाखविण्यासाठी संक्षेपचिन्हे वापरावी लागतात. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद मुळातच असल्याने तो सहज राखता येतो. कोरकू संहितेला मराठी शब्दार्थ जोडणे हे केवळ सामाजिक सोयीसाठी इष्ट आहे असे नव्हे. काही व्याकरणिक बाबतींत ते इंग्रजीपेक्षा अधिक अचूकही ठरू शकते. मराठीच्या अभ्यासकाने या कार्यात स्वतःला दुय्यम मानण्याचे कारण नाही.

५. लिपीचा प्रश्न

देवनागरीचा स्वीकार केला म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र होत नाही. मराठी वाचक देवनागरी वाचताना आपल्या सवयी घेऊन येतो. 'कोर' असे लिहिल्यास तो अंत्य 'अ' उच्चारीत नाही. म्हणून मूळ शब्द स्वरान्त असेल तर तो स्वर लिहून दाखवावा लागतो. 'किञ' हा प्रत्यय अनुस्वाराने 'किं' असा छापल्यास शेवटी कोणते अनुनासिक उच्चारावे हे कळत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटी 'ङ' आणि 'ञ' येत नसल्याने छापखान्यात त्यांच्या जागी अनुस्वार पडण्याचा संभव मोठा असतो. कोरकूत स्वराचा निम्न सूर अर्थभेदक आहे. देवनागरीत त्यासाठी चिन्ह नाही. 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार मराठी वाचक गृहीत धरतो, तर बैतूलकडील हिंदी शिकलेला कोरकू वाचक एकच गृहीत धरतो. एकाच लिपीतील एकच पुस्तक राज्याच्या सीमेच्या दोन बाजूंना दोन प्रकारे वाचले जाण्याची शक्यता यातून निर्माण होते.

यावरील उपाय कठीण नाही. प्रत्येक संकलनाच्या आरंभी लेखननियम स्पष्टपणे सांगणे, जोडाक्षरे व अनुनासिके यांच्या बाबतीत एकच पद्धत अखेरपर्यंत पाळणे, आणि देवनागरीत न दिसणारे भेद निदान शब्दसंग्रहात विशेष चिन्हाने दर्शविणे एवढे केले तरी तीच संहिता सामान्य वाचकास वाचनीय आणि अभ्यासकास विश्वसनीय राहते.

लिपी ही समाजाच्या अस्मितेचीही बाब असते. संताळीच्या लेखनासाठी रोमन, देवनागरी, बंगाली आणि ओडिया या लिप्या वापरात असताना रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी सिद्ध केली. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये स्वतंत्र लिपी रचली. तेलंगणातील गुंजाला गावी हस्तलिखितांतून सापडलेली गोंडीची आणखी एक लिपीही आहे. या दोन्ही गोंडी लिप्यांना अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. कोणती लिपी शास्त्रीय दृष्ट्या सोयीची, याचे उत्तर भाषावैज्ञानिक देऊ शकतो; कोणती लिपी आपली, हे त्या समाजानेच ठरवावयाचे असते.

येथे मराठीचा स्वतःचा अनुभव उद्बोधक आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूर येथे निघाला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आणि त्याची १८५७ ची सुधारित आवृत्ती बाळबोध लिपीत निघाली. त्या कोशामागे शास्त्रीमंडळींचे श्रम होते, आणि त्यातील शब्दार्थांची चर्चा मराठी लेखक पुढे दीर्घकाळ करीत राहिले. परकीयांनी सिद्ध केलेला ग्रंथ स्वीकारून, तपासून आणि ओलांडून पुढे जाण्याची संधी मराठी समाजाला मिळाली, कारण तो ग्रंथ त्याच्या हाती आला होता.

६. क्रम उलटा असू शकतो

अभ्यासकांसाठी आधी ग्रंथ निघावा आणि जमल्यास पुढे समाजासाठी एखादी पुस्तिका काढावी, हाच क्रम स्वाभाविक मानला जातो. संताळीच्या इतिहासात याच्या उलट घडलेले दिसते. कोलेआन या वृद्ध गुरूने सांगितलेली संताळ पूर्वजांची परंपरा मिशनरी एल. ओ. स्क्रेफ्सरूड यांनी टिपून घेतली आणि १८८७ मध्ये ती संताळी भाषेतच छापली. तिचा पी. ओ. बोडिंग यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९४२ मध्ये ऑस्लो येथे प्रसिद्ध झाला. संताळ वाचकांच्या हाती ते पुस्तक परकीय अभ्यासकांच्या पंचावन्न वर्षे आधी आले. बोडिंग यांचा पाच खंडांचा संताळी कोश १९३२ ते १९३६ या काळात निघाला. त्यांच्या कथासंग्रहातील बहुसंख्य कथा साग्राम मुर्मू या संताळ सहकाऱ्याने लिहून दिल्या होत्या. या कामामागे धर्मप्रसाराचा हेतू होता हे विसरता येत नाही. तरीही संताळीत वाचणारा वर्ग निर्माण होण्यास या छपाईचा हातभार लागला, हेही मान्य करावे लागते. संताळीला २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते मुख्यतः संताळांच्या स्वतःच्या चळवळीमुळे. मात्र त्या चळवळीच्या हाती छापील संताळी होती.

विलंबाचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. ग्रेट अंदमानी भाषेचा अन्विता अब्बी यांनी सिद्ध केलेला कोश २०१२ मध्ये निघाला. त्यात इंग्रजीबरोबर हिंदी अर्थ दिलेले आहेत. म्हणजे अंदमानात शिकणाऱ्या नव्या पिढीला तो वापरता यावा असा विचार त्यामागे दिसतो. परंतु बो या बोलीची अखेरची भाषक बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी निधन पावली होती. क्षेत्रकार्य आणि प्रकाशन यांमधील काळ अभ्यासकाच्या दृष्टीने सामान्य असतो. अत्यल्पसंख्य भाषेच्या दृष्टीने तो एका पिढीचा काळ ठरू शकतो. यासाठी अंतिम ग्रंथाची वाट न पाहता कथा, गाणी आणि शब्दसूची टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करणे युक्त होय.

पश्चिम भारतात या दिशेने झालेल्या प्रयत्नांपैकी गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोदे येथे स्थापन केलेल्या भाषा संशोधन-प्रकाशन केंद्राचे कार्य उल्लेखनीय आहे. केंद्राच्या 'ढोल' या नियतकालिकातून आदिवासी भाषांतील मजकूर त्या त्या समाजातील लेखकांनी लिहिला. पुढे देवी यांच्याच नेतृत्वाखाली २०१० पासून भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये मराठीत निघाला. तांत्रिक वर्णनाच्या दृष्टीने त्यातील नोंदी समान दर्जाच्या नाहीत. परंतु राज्यातील भाषांविषयीची माहिती राज्याच्याच भाषेत, आणि अनेक ठिकाणी त्या भाषांच्या भाषकांकडून, प्रथमच एकत्र आली हे तिचे वैशिष्ट्य नाकारता येत नाही.

७. काय प्रसिद्ध करू नये

समाजासाठी प्रकाशन म्हणजे सर्व सामग्री सर्वांसाठी खुली करणे असा अर्थ नाही. काही गाणी विशिष्ट विधीच्या वेळीच म्हणावयाची असतात. काही उक्ती भगत वा वैदू यांच्या परंपरेतच राहतात. काही कथांत जिवंत व्यक्तींची वा कुळांची निंदा असते. पूर्वी ग्रंथाचा प्रसार मर्यादित असल्याने हा प्रश्न फारसा जाणवत नसे. आज ध्वनिमुद्रणे संगणकीय संग्रहालयांत ठेवली जातात आणि जगात कोठूनही ऐकता येतात. त्यामुळे ध्वनिमुद्रणास दिलेली संमती ही प्रकाशनासही दिलेली संमती आहे असे गृहीत धरणे अनुचित ठरते. मोठ्या संग्रहालयांत सामग्रीचे खुली, मर्यादित आणि बंद असे स्तर राखण्याची सोय असते. निवेदकाला हे स्तर समजावून सांगणे, आणि त्याचा निर्णय संहितेबरोबर नोंदविणे, हा क्षेत्रकार्याचाच भाग मानला पाहिजे.

निवेदकाच्या नावाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. नाव हवे असणाऱ्याचे नाव सहलेखक किंवा कथनकार म्हणून ठळकपणे यावे. नको असेल तर ते वगळावे. 'एका वृद्ध स्त्रीकडून ऐकलेले गीत' ही आपल्या प्रबंधांतील नेहमीची नोंद मात्र या दोहोंपैकी कशातच बसत नाही. तिने अनामिक राहणे पसंत केले की अभ्यासकाने तिचे नाव विचारलेच नाही, हे वाचकाला कळत नाही.

८. समारोप

अभ्यासकाला भाषेची व्यवस्था, तौलनिक पुरावा आणि पडताळता येणारी सामग्री हवी असते. भाषकसमाजाला वाचनीय पाठ, ओळखीचा आवाज, मुलांना शिकविण्याजोगा शब्दसंग्रह आणि आपल्या नावाचा मान हवा असतो. एकाच पुस्तकाने या दोन्ही अपेक्षा पूर्ण करण्याचा आग्रह धरल्यास ते कोणाच्याच उपयोगी पडत नाही. मात्र सुसंगत लेखनपद्धतीची मूळ संहिता, शब्दशः अर्थ, मुक्त अनुवाद, ध्वनिमुद्रण आणि संमतीची नोंद एवढे एकदा काळजीपूर्वक सिद्ध केले तर त्याच संग्रहातून व्याकरणही निघते आणि गावातील शाळेसाठी कथांचे पुस्तकही निघते.

महाराष्ट्रातील मराठी विभागांना हे कार्य विशेषत्वाने शक्य आहे. पदव्युत्तर आणि पीएच.डी. च्या प्रबंधांच्या परिशिष्टांत आदिवासी गीते व कथा विखुरलेल्या आहेत. त्या बाहेर काढून, मूळ भाषकांसमवेत पुन्हा वाचून, दुरुस्त करून प्रसिद्ध करण्यासाठी नव्या क्षेत्रकार्याचीही सर्वत्र गरज नाही. अशा पुनर्वाचनात कोरकू वा निहाली भाषक 'आम्ही असे म्हणत नाही' असे म्हणेल, तेव्हा प्रबंधातील चूक प्रथमच उघड होईल. आजपर्यंत ती दुरुस्ती होऊ शकली नाही, कारण ती करू शकणाऱ्या वाचकाच्या हाती पुस्तक दिले गेले नव्हते.